शिव्या देणारा गर्दींत लपतो

वाचकहो, खेळ पाहावयास गेलेल्या माणसाचा संघ हरला म्हणून त्याच्या ताटांतली भाकरी कोणी उचलून नेत नाहीं. मग समोरच्या गड्याची कातडी काळी दिसतांच त्याच्या आईबापांचा उद्धार करण्याची हुक्की त्याला कां येते? ह्याचें उत्तर आम्हांला वॉल्टर टल ह्या फुटबॉल खेळणाराच्या हकीकतींत सांपडतें.

वॉल्टर १८८८ सालीं इंग्लंडांत फोकस्टन गांवीं जन्मला. बाप बार्बाडोस बेटांतून आलेला सुतार, आजा गुलामगिरींत राबलेला, आई गोरी. पोर दहा वर्षांचें होण्यापूर्वींच आईबाप दोघेंहि वारलीं आणि तें लंडनच्या अनाथालयांत वाढलें. अशा पोरक्या मुलाला १९०९ सालीं टॉटेनहॅम हॉट्स्पर ह्या नामांकित क्लबानें पहिल्या वर्गाच्या सामन्यांत उतरविलें.

त्याच वर्षीं ब्रिस्टल शहरीं सामना झाला. तेथल्या कांहीं प्रेक्षकांनीं त्याच्या रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या कीं, मासळीबाजारानेंहि कानांवर हात ठेवावेत. वॉल्टरनें डोकें शांत ठेविलें. हजर असलेल्या बातमीदारानें प्रेक्षकांचा भ्याडपणा छापून काढला, आणि आघाडीच्या फळींत सर्वांत सरस हाच खेळला, असेंहि लिहिलें.

पण पुढें काय झालें? शिव्या देणारे गर्दींत मिसळून गेले. वॉल्टर मात्र थोड्याच दिवसांत दुय्यम संघांत गेला, आणि १९११ सालीं नॉर्थॅम्प्टन क्लबाकडे. तेथें त्यानें शंभरांवर सामने खेळून आपली लायकी दाखविली.

आतां हे ओरडणारे कोण होते तें पाहा. त्या काळीं इंग्लंडांत शनिवारीं दुपारीं कामाला सुटी होई आणि फुटबॉलचें मैदान भरे तें बहुतेक कामकऱ्यांनीं. आठवडाभर मुकादमाचें बोलणें खाणारे हे लोक. वॉल्टरचा सुतार बाप त्यांच्यांतलाच. पण वरच्यानें केलेल्या अपमानाचा राग वरच्यावर निघत नाहीं, तो आपल्याहून खालचा शोधतो. आम्ही शाळेंत हेंच पाहतों : घरीं मार खाऊन आलेला पोर वर्गांत धाकट्याला चिमटा काढतो. त्यानें त्याचा मार कमी होत नाहीं. रडणारे मात्र दोन होतात.

पुढें महायुद्धांत वॉल्टर फौजेंत शिरला. काळ्या माणसाला गोऱ्या शिपायांवर हुकमत देऊं नये, असा लष्कराचा दंडक होता. तरी १९१७ सालीं तो अंमलदार झाला. ता. २५ मार्च १९१८ रोजीं तो फ्रान्सांत पडला. त्याच्या हाताखालच्या शिपायांनीं गोळीबारांतून त्याचें प्रेत आणण्याचा प्रयत्न केला, पण तें मिळालें नाहीं. मैदानावर शिव्या देणारे आणि खंदकांत त्याच्यासाठीं जीव धोक्यांत घालणारे, दोघेहि तशाच कामकरी घरांतले! रंगाचा द्वेष रक्तांत असता तर हें झालें असतें काय?

आपण परक्याला हसूं नये. वॉल्टर नॉर्थॅम्प्टनला गेला त्याच १९११ सालीं पुण्याचे बाळू पालवणकर इंग्लंडांत क्रिकेटचे शंभरांवर गडी बाद करीत होते. ह्याच बाळूंना पुण्याच्या मैदानावर चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यांत. कारण ते चांभार.

वॉल्टर गेला, पण ओरडणारे उरले. १९८८ सालीं लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सवर केळें फेंकलें गेलें. त्यानें तें टांचेनें उडवून दिलें. अशा घोषांना गुन्हा ठरविणारा कायदा १९९१ सालीं झाला, म्हणजे ब्रिस्टलच्या सामन्यानंतर ८२ वर्षांनीं! त्यांतहि एकट्यानें ओरडलें तर तो गुन्हा होत नव्हता; ती पळवाट १९९९ सालीं बुजविली. आणि २०२१ सालीं युरोप-चषकाच्या अंतिम सामन्यांत पेनल्टी हुकलेल्या तीन काळ्या तरुणांवर तीच घाण मोबाईलवरून ओतली गेली. गर्दी आतां खिशांत मावते, एवढाच फरक.

म्हणून शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, कायदा असावाच. पण शिवी पोर शिकतें तें शेजारीं बसलेल्या थोराच्या तोंडून. जत्रेंतला कुस्तीचा फड असो कीं घरांतला टीव्ही, कोणी खेळणाराच्या जातीवर, रंगावर बोलला, तर हसून साथ देऊं नका. मुलांदेखत त्याला तेथेंच टोका. खेळ वाईट झाला तर खेळाला नांवें ठेवा, खेळणाराच्या आईबापांना नव्हे.