सकाळी मोजलेली हवा

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्यापूर्वी लोहार ती तापवितो. तापलेली धाव फुगते, चाकावर सहज बसते आणि निवाली म्हणजे चाकास आवळून धरते. उष्णतेचा हा गुण आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. मोटारीच्या टायरमधील हवाही तापली की फुगू पाहते आणि तिचा दाब वाढतो. परंतु मोटार हाती आली म्हणजे कित्येकांस याचा विसर पडतो, आणि तोही नेमका भर उन्हाळ्यात.

समजा, वैशाखात एक कुटुंब लग्नासाठी रावेरहून बऱ्हाणपूरमार्गे खंडव्यास निघाले आहे. दुपारचे ऊन ४४ अंशांचे. बऱ्हाणपुरात पेट्रोल घेताना हवा मोजली, तो सकाळची ३३ पौंड हवा ३८ झालेली! ‘टायर फुटेल’ या भयाने गाडी चालविणारे गृहस्थ ५ पौंड हवा सोडून देतात. त्यांस वाटते, आपण सावधगिरी केली. वस्तुतः ही वाढ टायर बनविणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. रात्री टायर निवतो, तेव्हा त्यात जेमतेम २८-२९ पौंड हवा उरते.

दुसऱ्या दिवशी माणसांनी व सामानाने भरलेली तीच गाडी असीरगडाच्या पायथ्यावरून परत वेगाने धावू लागते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दबतात व उठतात. त्या घुसळणीने टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि शेवटी तो फुटू शकतो. ज्याचे भय होते तेच आपल्या हातून ओढवते.

म्हणून, वाचकहो, हवा सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी मोजावी. निदान ती तीन तास उभी असावी. किती हवा हवी, तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी निराळा आकडा असल्यास तो पाळावा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तितकी हवा भरू नये. जादा हवेचा टायर मध्यभागीच झिजतो व त्याची रस्त्यावरील पकड कमी होते. टायर चांगला असला तरी महिन्यास एक-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. तेव्हा दरमहा व दूरच्या प्रवासापूर्वी पाचही टायर पाहावेत. हवा पाहून झाल्यावर व्हॉल्व्हचे टोपण घट्ट बसवावे. हवा गेलेल्या टायरवर गाडी चालली असेल, तर तो आतून तपासल्यावाचून पुन्हा भरू नये. आणि वाटेत टायर फुटलाच, तर एकदम ब्रेक न दाबता चक्र घट्ट धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

बैल जुंपण्यापूर्वी त्याच्या पायांचे नाल पाहण्याची आपली जुनी रीत आहे. गाडी बदलली, तरी ती रीत सोडू नये. त्यास पाच मिनिटे पुरतात, आणि गाडीत आपलीच मुलेबाळे बसलेली असतात.