आडनाव काय म्हणालात?



शनिवार पेठेत कॉट मिळते. कॉट म्हणजे एका खोलीत चार लोखंडी पलंग, त्यातला एक तुझा. भिंतीला एक खिळा, पलंगाखाली पेटी. मिलिंदमधून बी.कॉम. होऊन मी केज तालुक्यातून पुण्यात आलो, लक्ष्मी रोडवरच्या एका हिशेबाच्या हापिसात चिकटलो, तेव्हा पायी जायच्या अंतरावर एवढंच परवडत होतं. वाड्यांवर पाट्या होत्या : शाकाहारी, निर्व्यसनी, नोकरदार मुलांसाठी. मी सुपारीसुद्धा खात नाही. मटण खातो, पण तेही सोडायला तयार होतो. पोटासाठी माणूस काय काय सोडतो.

पहिल्या तीन वाड्यांत खरं सांगितलं. कांबळे. एका ठिकाणी कॉट नुकतीच गेली होती. दुसरीकडे मालक गावाला होते. तिसरीकडे डागडुजी निघाली होती. सगळे गोड बोलले, एकानं पाणीही विचारलं. गावात पाटलाची शिवी ऐकून कळायचं तरी, कुठं उभे आहोत ते. इथं जिन्यावरून खाली आल्यावर कळतं.

मग आपल्याच एका कार्यकर्त्यानं अक्कल शिकवली. मनुस्मृतीवर तासभर बोलतो हा गडी. म्हणला, "येड्या, गावाचं नाव घे, पुढं कर लाव. समदे तेच करतेत." चौथ्या वाड्यात काकूंनी दारातच विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी अजून काहीच म्हणालो नव्हतो. केजकर, म्हणलं. कॉट मिळाली.

चार महिने केजकर होतो. फोनवर बा जयभीम म्हणला की मी नुसतं "हां, हां" करायचो. चौदा एप्रिलला हापिसात जातो सांगून स्टेशनाकडच्या पुतळ्याला हार घातला, नाचलो, आणि परतताना कपाळावरचा निळा गुलाल रस्त्यातल्या नळावर धुऊन मगच वाड्यात शिरलो. त्या नळावर जेवढी लाज वाटली तेवढी त्या तीन वाड्यांत वाटली नव्हती.

पुढं पोलिसात भाडेकरूंची नोंद करायची म्हणून काकूंनी आधार कार्ड मागितलं. दुसऱ्या दिवशी पेटी ओसरीवर. "जातीचं काही नाही हो. पण तुम्ही खोटं बोललात. खोटं आम्हाला चालत नाही."

ऐकलं? खोटं चालत नाही! खरं बोललो तर कॉट गेलेली असते, खोटं बोललो तर मी लबाड. आधी हेच खोटं बोलायला लावणार, मग त्याच खोट्याची सजा देणार.

ही रीत जुनी आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा नाही. पारशी सराईत उतरले. वहीत पारशी नाव घाला ही तोड बाबासाहेबांनाच काढावी लागली. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी आले. सराई बाटवली म्हणाले. त्यानंतरचे तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. आणि २०१७ साली याच पुण्यात हवामान खात्यातल्या एका मोठ्या अधिकारी बाईंनी स्वयंपाकाच्या बाईवर पोलिसात तक्रार दिली, जात लपवली म्हणून. ब्राह्मण नव्हती हा तिचा गुन्हा. बोभाटा झाला तेव्हा तक्रार मागं घेतली. मधे शंभर वर्षं गेली.

पण बाबासाहेबांनी ते नाव नि ती काठी, दोन्ही लिहून ठेवलं. आपण काय करतो? 'कर' लावतो आणि गप पडतो. ज्याची बायकापोरं उघड्यावर आहेत त्यानं वाटेल ते नाव सांगावं, त्याला मी बोलणार नाही. आपण मात्र तेविशीतले, सडे, चार रात्री मित्राच्या सतरंजीवर काढू शकणारे. आपल्याला कसली घाई?

१९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आहे, १९७६ च्या दुरुस्तीनं नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याचं कलम ४ काढा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा गुन्हा, कमीत कमी एक महिना कैद. कलम १२ त्याहून भारी : अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेपायीच घडला असं कोर्टानं धरून चालायचं. तसं नाही हे समोरच्यानं शाबित करावं. एवढं हत्यार हातात आहे. पण केजकराला त्याचा उपयोग काय? केजकराला कुणी नाकारलंच नाही! नकार वहीत यायला आधी आपलं नाव वहीत यावं लागतं.

येत्या रविवारी मी पुन्हा पेठेत कॉट बघायला निघालोय. पहिल्या तीन वाड्यांपासून. कांबळे म्हणून. साक्षीला दोघं पाहिजेत, फोन चार्ज करून आणा, भांडू नका, फक्त ऐका. आणि ज्या वाड्यात कॉट गेली असं सांगतील, तिथं तासाभरानं आपल्यातल्या एकानं देशपांडे म्हणून जायचं.

ओंकारेश्वराजवळ भेटू. पेशवाईत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना पुण्याच्या वेशीत मज्जाव होता, सावली लांब पडते म्हणून. घुर्यांनी तसं लिहून ठेवलंय. आपण आठला जमू.