वाघ कोणाचे आणि सफारी कोणाची?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी उत्तर आले की रोग बर्ड फ्लूचा होता. संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर घेतला गेला. हे वाघ पर्यटकांना बसमधून दाखविले जाणारे नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यात माणसांशी संघर्ष झाला म्हणून त्यांना पकडून आणलेले होते. म्हणजे ज्या जागेचे नावच 'बचाव केंद्र', तेथेच ते वाचले नाहीत.

दुर्दैवी अपघात म्हणून हे प्रकरण मिटविणे सोपे आहे. परंतु पाच महिन्यांच्या आत, मे २०२५ मध्ये, गोरखपूरच्या प्राणिउद्यानात एक वाघीण त्याच रोगाने गेली आणि इटाव्याच्या सिंह सफारीतून तेथे आणलेला 'पटौदी' नावाचा सिंह उपचारासाठी कानपूरला नेल्यावर मेला. त्याआधीचा इतिहास पाहिला तर जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन येथे रक्तातील परजीवींच्या रोगाने डझनभर वाघ मेले, आणि २०१४ मध्ये इटाव्यात सिंहाची एक जोडी कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाने दगावली. राज्ये वेगळी, पक्ष वेगळे, रोगही वेगळे. समान गोष्ट एकच: प्रत्येक ठिकाणी प्राणी दाखविण्याची व्यवस्था आधी उभी राहिली आणि प्राणी सांभाळण्याची व्यवस्था वरातीमागून घोडे यावे तशी आली.

इटाव्याचा उल्लेख या पक्षाच्या कार्यकर्त्यांना बोचेल आणि तो बोचलाच पाहिजे. ती सफारी समाजवादी म्हणविणाऱ्या सरकारने, आपल्या नेत्याच्या जिल्ह्याचे भूषण म्हणून उभारली. लोकांसाठी ती उघडली २०१९ मध्ये, तेव्हा सरकार दुसऱ्याचे होते. भूषणाच्या हव्यासात समाजवादी आणि भगवे यांच्यात फरक उरला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध झाले.

'माणसे पिंजऱ्यात आणि प्राणी मोकळे' हे सफारीचे ब्रीद मोठे गोंडस आहे. ते कोठून आले हेही पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेबाहेर मोटारीतून सिंह पाहण्याचे पहिले उद्यान इंग्लंडमध्ये लाँगलीट येथे एप्रिल १९६६ मध्ये उघडले. जागा बाथच्या मार्क्विसची, कल्पना आणि सिंह चिपरफील्ड या सर्कसवाल्या घराण्यातील जिमीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील मजूर सरकारने बड्या वारशांवर जबर कर बसविला होता. वाडे आणि हजारो एकरांची जमीन हातातून जाऊ नये म्हणून सरदारमंडळींनी प्रथम वाड्यांना तिकीट लावले आणि मग बागेत सिंह सोडले. सर्कशीचा तंबू काढला आणि कुंपण घातले, की सफारी झाली! त्या धर्तीवर निघालेले विंडसरचे सफारी उद्यान १९९२ मध्ये दिवाळखोरीत बुडाले. प्राणी इतरत्र पाठवावे लागले आणि त्या जागी १९९६ मध्ये खेळण्यांच्या विटा बनविणाऱ्या लेगो कंपनीचे करमणूक उद्यान उभे राहिले. कंपनी बुडाली तर यंत्रे लिलावात विकता येतात. सिंहाचे काय करायचे, हा प्रश्न भागीदारीच्या करारात सहसा शेवटच्या पानावर असतो.

लहान पिंजऱ्यापेक्षा सफारीचे मोठे आवार बरे, हे कोणीही नाकारणार नाही. शहरी प्राणिसंग्रहालयातील सिमेंटच्या खोलीत दिवसभर येरझारा घालणारा वाघ ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. परंतु सफारीत वाघाचे आयुष्य बसच्या रस्त्यावर जात नाही. संध्याकाळी तो मांसाच्या ओढीने रात्रीच्या पिंजऱ्यात येतो आणि सकाळी दुहेरी दारांतून बाहेर सोडला जातो. त्याने काय खाल्ले, किती टाकले, तो लंगडतो का, त्याची विष्ठा कशी आहे, हे सारे तेथे कळते. मोठ्या आवारात आजारी जनावर झुडपात दडून बसते. ते आजारी आहे हे रोजच्या ओळखीच्या माणसाखेरीज कोणाला उमजत नाही. मांस कोठून आले, ते कोणी तपासले, नवे जनावर आणल्यावर त्याला इतरांपासून पुरेसे दिवस वेगळे ठेवले का, दाराशी जंतुनाशकात पाय बुडविल्याखेरीज कोणी आत गेले का, यांवर प्राण्याचे जगणे ठरते. आणि यांतील एकही गोष्ट बसच्या खिडकीतून दिसत नाही. म्हणूनच तिच्यावर खर्च होत नाही. कमान दिसते, तिकीटघर दिसते, वातानुकूलित बस दिसते, कोनशिलेवरचे नाव दिसते.

ज्याच्या ओळखीवर हे सारे उभे आहे तो प्राणीरक्षक कोण आहे? देशातील प्राणिसंग्रहालयांत हे काम मोठ्या प्रमाणावर रोजंदारीची आणि कंत्राटी माणसे करतात. वाघाचा स्वभाव ओळखायला वर्षे लागतात, पण कंत्राट मात्र महिन्यांच्या मुदतीचे असते. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर जनावराची सारी माहिती फाटकाबाहेर जाते. वाघाने पंजा मारला तर हाच माणूस सर्वांत आधी मरणार आणि रोग प्राण्यातून माणसात आला तरी सर्वांत आधी त्यालाच होणार. बर्ड फ्लूच्या बातम्यांत वाघांची संख्या होती, परंतु त्या पिंजऱ्यांत झाडू मारणाऱ्यांच्या नोकरीविषयी कोणी विचारले नाही. कामगार संघटनांनीही विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे.

गोरेवाड्याची रचना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. शहराला पाणी देणाऱ्या जुन्या तलावाभोवतीचे सुमारे एकोणीसशे हेक्टर जंगल राज्य शासनाने वनविकास महामंडळाच्या हाती दिले. हे महामंडळ १९७४ चे, आणि त्याचा मूळ धंदा मिश्र जंगल तोडून सागवान लावण्याचा व विकण्याचा. त्याने मनोरंजन उद्योगातील एका खासगी कंपनीला भागीदार घेऊन स्वतंत्र कंपनी काढली. लाकूड विकणारा आणि पाळणे फिरविणारा, असे दोघे मिळून वन्यजीवांची काळजी घेणार, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. २०१५ मध्ये बचाव केंद्र सुरू झाले. २६ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते भारतीय सफारीचे उद्‌घाटन झाले आणि उद्यानाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्यात आले. नागपूर वसविले ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने. ज्या जंगलात सफारी झाली त्या प्रदेशाचे जुने नाव गोंडवन. आदिवासी संघटनांनी उद्यानाला गोंडवाना नाव द्यावे अशी मागणी करून निदर्शने केली. मागणी फेटाळली गेली, आणि त्या वेळी सत्तेत असलेल्या तिन्ही पक्षांपैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

मूळ प्रश्न मात्र नावाच्या पलीकडचा आहे. गोरेवाड्याच्या पिंजऱ्यांत वाघ येतात कोठून?

महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. त्यांतील फार मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरीसारख्या शेतीने वेढलेल्या जंगलांत त्यांतले पुष्कळ राहतात. याच जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्र आहे, रुंद होत जाणारे रस्ते आहेत. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाघाची वाट प्रत्येक खाणीने आणि प्रत्येक महामार्गाने आखूड होते. वाट संपली की तो धानाच्या बांधावर येतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. उन्हाळ्याच्या त्या मोजक्या दिवसांत मिळणाऱ्या मजुरीवर घरातला पावसाळा निघतो, म्हणून वाघ आहे हे ठाऊक असूनही बाया जंगलात जातात. त्यानंतर काय होते ते ठरलेले आहे. गाव रस्त्यावर उतरते, आमदार येतात, भरपाई जाहीर होते, वाघ बेशुद्ध करून पकडला जातो आणि गाडीत घालून नागपूरला रवाना होतो. खाण तेथेच राहते. रस्ताही तेथेच राहतो. पुढल्या वर्षी त्याच वाटेवर दुसरा वाघ येतो.

चंद्रपूरच्या शेतमजुराच्या जिवावर बेतलेला हा वाघ कालांतराने शहरातल्या कुटुंबाच्या रविवारच्या सहलीचा विषय होऊ शकतो. कोळशाची वीज ज्या घरात जळते त्याच घरातले लोक तिकीट काढून त्याला पाहतात. त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. मुलांना वाघ दाखवावासा वाटणे हा गुन्हा नव्हे. दोष धोरणाचा आहे. विकासाच्या नावाखाली जंगल मोडायचे, त्यातून उघड्यावर पडलेले जनावर 'वाचवायचे' आणि वाचविलेले जनावर दाखवून पुन्हा विकास झाला म्हणून मिरवायचे, असे हे चक्र आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कॉर्बेटच्या पाखरो सफारीच्या प्रकरणात निकाल दिला. तेथे १६३ झाडांची परवानगी असताना सहा हजारांहून अधिक झाडे तोडली गेल्याचा अंदाज भारतीय वन सर्वेक्षणाने दिला होता, आणि तेव्हाचे वनमंत्री व वनाधिकारी यांच्यावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. व्याघ्र प्रकल्पाजवळच्या सफारीत प्राणिसंग्रहालयातील वाघ आणू नयेत. त्याच भागातील जखमी, अनाथ किंवा संघर्षातले वाघच ठेवावेत, असेही न्यायालयाने म्हटले. हेतू चांगला आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सफारीला वाघ हवा आणि वाघ केवळ संघर्षातून मिळणार, असे ठरले की संघर्ष हाच कच्चा माल होतो. कच्च्या मालाचा पुरवठा बंद व्हावा असे कोणत्या कारखानदाराला वाटते?

याहून गंभीर गोष्ट संसदेत घडली आणि तिच्याकडे विरोधी पक्षांनी पुरेसे लक्ष दिले नाही. वन संरक्षण कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राबाहेरील वनजमिनीवर सरकारी प्राणिसंग्रहालय आणि सफारी उभारणे हा 'वनेतर' वापर नव्हे, असे ठरविले. १९८० च्या मूळ कायद्याने जी चाळणी लावली होती तिला एवढे मोठे भोक पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने अशा प्रत्येक प्रस्तावाला आपली मंजुरी आवश्यक केली, म्हणून तूर्त दार अर्धे लोटलेले आहे. ज्या जंगलात आदिवासीला सरपणाची मोळी आणताना वनरक्षकाची भीती वाटते, वनहक्काचा दावा सिद्ध करायला पिढ्यांचे पुरावे आणावे लागतात, तेथे कुंपण, डांबरी रस्ता, उपाहारगृह आणि वाहनतळ हे मात्र वनाचेच काम!

सरकारला हे जमत नसेल तर श्रीमंतांनी करावे, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. जामनगरच्या 'वनतारा'कडे तो बोट दाखवितो. नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तेथे गेली तेव्हा कोल्हापूर जिल्हा पेटला. त्या आंदोलनात भांडवलशाहीविरोधाच्या घोषणा होत्या, पण हत्तिणीच्या सुजलेल्या सांध्यांविषयी आणि सडलेल्या पावलांविषयी फारसे कोणी बोलले नाही. दगडी फरशीवर साखळीला बांधलेल्या हत्तिणीची श्रद्धेने काळजी घेतली जात नसते. मात्र तिच्यासाठी महाराष्ट्र शासनाजवळ स्वतःची एकही चांगली जागा नव्हती म्हणून तिला एका उद्योगपतीच्या आवारात जावे लागले, हे त्याहून लाजिरवाणे आहे. सार्वजनिक रुग्णालय मोडकळीला आणायचे आणि मग खासगी रुग्णालयाची कार्यक्षमता वाखाणायची, हीच रीत आता हत्तीवाघांपर्यंत पोचली आहे.

गोरेवाड्याच्या आराखड्यात भारतीय सफारीच्या पुढे आफ्रिकन सफारीही आहे. जेथे चंद्रपूरचे वाघ वाचविता आले नाहीत तेथे परखंडातले प्राणी आणण्याचा बेत, म्हणजे घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी या बेताला उघड विरोध केला पाहिजे, आणि तो निव्वळ विरोध राहू नये. प्रत्येक मृत्यूचे शवविच्छेदन नियमाने बंधनकारक आहे. तो अहवाल जनतेपुढे ठेवण्याची मागणी माहितीच्या अधिकाराखाली आणि विधिमंडळात, दोन्हीकडे व्हावी. प्राणीरक्षकांना कायम करावे, त्यांचा विमा व लसीकरण शासनाने करावे. सफारीच्या तिकिटांचा पैसा कमानींवर नव्हे, तर बचाव केंद्रातील पशुवैद्य, विलगीकरणाच्या खोल्या आणि मांसाची तपासणी यांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापला जावा. चंद्रपुरातून वाघ पकडून नेला की त्या वाघाची वाट कोणत्या खाणीने वा रस्त्याने अडविली होती त्याची नोंद पंचनाम्यातच व्हावी आणि पकडण्याचा, नेण्याचा व जन्मभर पोसण्याचा खर्च त्या खाणीकडून वसूल करावा. सिंदेवाहीच्या तेंदूपत्ता मजुरांच्या सभा पुढील हंगामापूर्वी घ्यावयाच्या आहेतच. हा शेवटचा मुद्दा त्या सभांत सर्वांत आधी मांडावा.