नातवाचा चष्मा आणि वेताळ टेकडी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला लेकीकडे गेलो, तेव्हा आठ वर्षांच्या नातवाच्या डोळ्यांवर नवा चष्मा दिसला. उणे दीड नंबर. लेक आणि जावई दोघेही चष्म्याचे, म्हणून 'आनुवंशिक आहे' एवढे बोलून मी विषय संपवणार होतो. पण दोन दिवस पोराचा दिनक्रम पाहिला. शाळेची बस दारात, शाळा चार भिंतींत, संध्याकाळी शिकवणी आणि त्यानंतर मोबाईल. अंगावर ऊन पडायचे ते बसची वाट पाहताना पाच मिनिटे.

रविवारी सकाळी सगळ्यांना बाहेर काढले. जावईबापू म्हणाले, "बाबा, आठवड्यात एकच दिवस झोप मिळते हो." सौ.चे गुडघे नेहमीप्रमाणे आडवे आले. त्यावर तोड म्हणून ए.आर.ए.आय.च्या बाजूने वर फाटकापर्यंत गाडीने गेलो. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वात उंच टेकडी. पण या बाजूने गेले की चढ फारसा उरत नाही, वरचे पठार बरेचसे सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. डोंगर चढून जाण्यातच पुण्य आहे असे नाही.

आत शिरलो तो पायाखाली ओला मुरूम आणि आजूबाजूला गिरिपुष्पाची झाडे. हे झाड परदेशी, वनखात्याने लावलेले. जाणकार त्याला नावे ठेवतात. मधूनच आपली अस्सल सालई दिसते, कागदासारखी साल सुटलेली. नातवाने ती साल सोलून हुंगली आणि त्याला देवघराचा वास आला. त्यात नवल नाही, सालईचा डिंक धूप म्हणून वापरतातच. पाच वर्षांच्या नातीला वाटेत मृगाचा किडा सापडला. लाल मखमलीचा तो ठिपका तिने तळहातावर घेतला आणि पुढची दहा मिनिटे आमची वरात तिथेच थांबली. जावईबापूंचा फोन खिशात होता, पण तोवर तो कुणालाच आठवला नव्हता. जुन्या दगडखाणीच्या कडेला पोचलो तेव्हा मोराचा आवाज आला. सगळ्यांच्या आधी मोर दिसला तो नातवाला, नव्या चष्म्यातून. वेताळबाबाच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरलो. सगळे मिळून दीड तास, त्यात चालणे जेमतेम पाऊण तास असेल.

आता मुद्द्याचे. उणे नंबर लागतो म्हणजे बहुधा डोळ्याचा गोळा वाढताना प्रमाणाबाहेर लांबट होतो आणि दूरचे धूसर दिसते. आईवडिलांना नंबर असेल तर मुलाला लागण्याचा संभव वाढतो, हे खरे. पण उजेडाचाही यात मोठा वाटा आहे. बाहेरचा लख्ख उजेड दृष्टिपटलावर पडला की तिथे डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते गोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे तज्ज्ञ मानतात. घरातला दिवा आपल्याला झगझगीत वाटतो, पण झाडाच्या सावलीतला उजेडही त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मुलांना भर उन्हात भाजायची गरज नाही, आणि सूर्याकडे तर कधीच पाहू देऊ नये. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना उणे नंबर लागला होता, तर नेहमीच्या शाळांत 39.5 टक्क्यांना. फरक जादूचा नाही. पण इतका स्वस्त उपाय माझ्या कपाटात दुसरा नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे आया विचारत आल्या, "डॉक्टर, पोराचा नंबर वाढू नये म्हणून काय देऊ?" मी गाजर खायला सांगितले, टॉनिकची बाटली लिहून दिली. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. उणे नंबराशी गाजराचा काही संबंध नाही. मुलाला रोज बाहेर सोडा, हे मी एकदाही लिहून दिले नाही. औषधाच्या चिठ्ठीवर ते शोभले नसते, असे वाटले असावे.

लेकीलाही स्पष्ट सांगितले. थोरल्याचा नंबर टेकडीवर जाऊन उतरणार नाही. त्याने चष्मा नियमित लावायचा आणि डोळे वेळच्या वेळी तपासून घ्यायचे. धडपड आहे ती धाकटीसाठी. तिला अजून नंबर नाही. लागायचाच असेल तर जितका उशिरा लागेल तितका बरा, कारण लहानपणी लागलेला नंबर वयाबरोबर वाढत जातो.

पुणेकरांचे एक मानले पाहिजे. याच टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याचे घाटत होते, तेव्हा 2023 साली बायकामुलांसह माणसे मोर्चाने रस्त्यावर आली. आपल्या गावाची टेकडी अर्धी मुरमासाठी खणून झाली, उरलेल्या अर्ध्या भागात कचरा पडतो आणि आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. बगीचा आहे म्हणावे तर त्याला दिवसभर कुलूप, आत फरशी आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी! मला नवा बगीचा नको आहे. आहे तो माळ, त्यावरच्या बाभळी-बोरींसह, कुंपण न घालता आणि खणती थांबवून तसाच ठेवावा, एवढेच नगरपालिकेकडे मागणे आहे. तसा अर्ज मी लिहिला आहे. तो दवाखान्यात टेबलावर ठेवला असून सही करायला कुणीही यावे, तपासणीची फी पडणार नाही.

परवा लेकीचा फोन आला. पुढच्या दोन्ही रविवारी ते सगळे टेकडीवर जाऊन आले. जावईबापू कुरकुरत का होईना, पण गेले. मृगाचे किडे आता दिसत नाहीत म्हणून धाकटी रुसली आहे. ते कुठे गेले, हे आजोबांना विचारून सांग, असा तिचा निरोप होता.