एचआरचा प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट केला तर काय बिघडतं?

एमबीए एचआरच्या कुठल्याही बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट काढून बघा. 'अमुक कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास' हे शीर्षक हमखास सापडेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला गूगल फॉर्म, काही पाय चार्ट आणि शेवटी निष्कर्ष: बहुतांश कर्मचारी समाधानी आहेत. सिनिअरच्या फाईलमध्ये फक्त कंपनीचं नाव बदललं तरी चालून जातं.

पण कॉपी पकडण्याचे नियम आहेत ना?

आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर थेट नोंदणी रद्द. पण याच नियमांच्या व्याख्येतून असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट वगळले आहेत. म्हणजे एमबीएचा प्रोजेक्ट तपासायचा की नाही, हे विद्यापीठ आणि कॉलेजवर अवलंबून.

शिवाय सॉफ्टवेअर फक्त शब्दांचं साम्य दाखवतं. पद्धत चुकली असेल तर ते त्याला कळत नाही.

पद्धत चुकते म्हणजे काय?

समजा विषय आहे 'लोक नोकरी का सोडतात?' फॉर्म मात्र सध्या नोकरीत असलेल्यांनाच पाठवला. जे सोडून गेले, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यात फॉर्म एचआरच्याच मेलवरून आला, तर बॉसबद्दल खरं कोण लिहिणार?

दुसरी चूक कारण आणि परिणाम यांची. मार्क ह्युसेलिड यांचा १९९५चा पेपर या विषयात गाजलेला आहे. चांगल्या एचआर पद्धती असलेल्या कंपन्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण कमी आणि उत्पादकता जास्त, असा संबंध त्यात दिसला. नंतर अभ्यासकांनी उलटा प्रश्न विचारला: एचआर चांगलं म्हणून नफा, की नफा आहे म्हणून एचआरवर खर्च? हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये तो एका पाय चार्टवर निकालात निघतो.

वाचायला पेपर मिळतात का?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार जर्नल्स. पण ही सोय केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे आणि एमबीएची बरीच कॉलेजं खासगी आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना 'शोधगंगा'वरचे पीएचडी प्रबंध मात्र मोफत वाचता येतात.

मग करायचं काय?

विषय छोटा घ्या. 'समाधान' नको, 'नाइट शिफ्टमधल्या नव्या लोकांनी पहिल्या सहा महिन्यांत नोकरी का सोडली' हे चालेल. फॉर्मच्या आधी पाच-सहा जणांशी नीट बोला. नावं गुप्त ठेवा. आणि आपल्या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही, तेही लिहा.

हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. आज हा रिपोर्ट लिहिणारा उद्या एचआरच्या टेबलावर बसेल. कुणाला इन्क्रिमेंट, कुणाला नारळ, हे ठरवताना त्याच्यासमोर असाच एखादा सर्व्हे असेल. तो वाचता आला नाही, तर किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागेल.