गावात पैसा आला. हिशेब कोण शिकवणार?

पैसा हाती येणे वेगळे आणि तो सांभाळता येणे वेगळे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. पुढे निधीही वाढला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातले ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेले. हा ‘बंधित’ निधी गटाराऐवजी सभामंडपाकडे वळला, की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच.

मला काळजी वाटते ती प्रामाणिक कर्मचाऱ्याची. अज्ञानातली चूक आणि चोरी कागदावर सारखीच दिसतात. मग तो खर्चच टाळतो. पैसा बँकेत पडून राहतो आणि नळ कोरडा.

२०२० मध्ये ई-ग्रामस्वराज प्रणाली आली. पण संगणक बेरीज करतो, विवेक शिकवत नाही. म्हणून प्रशिक्षण भाषणांचे नको. ज्याच्या त्याच्या गावाच्या रोकडवहीवरच व्हावे. धनादेशावर सही करणारे सरपंचही तिथे शेजारी बसावेत. आणि आपण? पुढच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचायला मागू या. विचारणारे गाव असले, की शिकणारा कर्मचारी घडतो.