कॅमेरा ठीक, पण बघणार कोण?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सीसीटीव्हीचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच. एक वायरवाली, दुसरी वायरलेसवाली. मला विचाराल, तर दोन्ही हवेत. गेट, पार्किंग, लिफ्टजवळ वायरच टाका. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही. फक्त लांबी १०० मीटरच्या आत ठेवायची. खोदकाम जमणार नाही तिथे वायरलेस. पण बॉस, जाड भिंती वायफाय अडवतात आणि वीज त्यालाही लागतेच, नाहीतर बॅटरी चार्ज करत बसा. हिशेबही करा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो. असे आठ, तीस दिवस... म्हणजे पाच टीबीच्या वर!

आता खरा मुद्दा. हे सगळं बघणार कोण? भाड्याने राहणारी मी रात्री अकराला कॅबमधून कोणाबरोबर उतरले, हा सुरक्षेचा विषय नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. तेव्हा ठरावातच लिहून घ्या: पासवर्ड दोघांकडेच, तक्रार आली तरच फुटेज उघडायचं, तीस दिवसांनी पुसायचं आणि एकही कॅमेरा कुणाच्या दारात डोकावणार नाही.

चोर पकडायचाय ना? मग शेजारणीवर कशाला नजर!